चीजच्या चाकांना हळदीकुंकू

कोल्ड रूममध्ये मोबाइलला रेंज नसते. जाड भिंती, जाड दार आणि आत फक्त यंत्राची घरघर. त्यामुळे नलूमावशी गेल्याची बातमी मला उशिराच कळली. हैदराबादेत कुकटपल्लीच्या आमच्या गाळ्यात मी नेहमीप्रमाणे चीज पुसत होते. बाहेर येऊन स्वेटर काढला, फोन हातात घेतला, तर मामाचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. "नलू गेली गं... सकाळी चहा घेता घेता," एवढंच तो बोलू शकला. आयुष्यभर कोर्टात गडगडणारा माझा वकील मामा! या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडून झालं, दिवसकार्य झालं, आणि आज तिच्याविषयी लिहायला बसले तर आधी हसूच येतंय. याचा तिला राग येणार नाही, याची मला खात्री आहे.

नलूमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. काचीगुड्यातलं आमचं आजोळ पिढ्यान् पिढ्या वकिलांचं. काकांच्या नोकरीमुळे ती काही वर्षं हॉलंडमध्ये राहिली आणि तिथे तिला त्या जुन्या, कडक, खारट चीजची चटक लागली. काका गेल्यावर ती हैदराबादला परतली ती हे चीज इथे मागवून विकायचं ठरवूनच. मामा हादरला. "अगं, वकिलांच्या घरातली बाई चीज विकणार?" "तू भांडणं विकतोस ते चालतं वाटतं?" असं म्हणून तिने विषय संपवला. इथल्या हॉटेलवाल्यांना चीज म्हणजे डब्यातलं मऊ, पिवळं, चौकोनी, एवढंच ठाऊक. मावशी पर्समध्ये सुरी आणि स्टीलचा डबा घालून सिकंदराबादपासून अफझलगंजपर्यंत फिरायची आणि समोरच्याला आधी खाऊ घालायची. एका बेकरीवाल्याला तिने त्याच्याच गोडसर उस्मानिया बिस्किटावर चीजचा पातळ काप ठेवून दिला होता. "अम्मा, अच्छा-खासा बिस्कुट खारा कर दिए!" असं तो ओरडला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. तिचा एकच हट्ट होता. वासराच्या पोटातलं विरजण घालून जमवलेलं चीज ती आणायची नाही. "जे माझ्या देवापुढे ठेवता येत नाही, ते दुसऱ्याच्या ताटात कशाला वाढू?" असं म्हणायची. या देवापुढे ठेवण्यानेच पुढे आमची पंचाईत केली.

मी तिच्याकडे आले ती पुण्यातलं लग्न मोडून. त्या घरात माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त केलं जायचं. शेवटी मी वाक्यंच सोडून दिली. दुकानात गेले तरी वस्तू बोटाने दाखवायचे, फोन वाजला की अंगावर काटा यायचा. पुढे काय करणार, असं प्रत्येक नातेवाईक विचारत होता. मावशीने काहीच विचारलं नाही. तिने मला एक लोकरीचा स्वेटर घातला, हातात सुती फडकं दिलं आणि कोल्ड रूममध्ये नेलं. लाकडी फळ्यांवर जात्याएवढी चीजची गोल, जड चाकं मांडलेली होती. ती ठरावीक दिवसांनी उलटायची, पुसायची, नाहीतर खालच्या बाजूला ओल धरते. "यांच्याशी बोलावं लागत नाही," ती म्हणाली. आमच्याकडे कामाला असलेला यादगिरीही तसा अबोलच. आम्ही दोघं दिवसभर मुकाट्याने चाकं उलटायचो. मला तेच हवं होतं... मावशीला मात्र नव्हतं. ही पोरगी इथेच थंडीत मुकी राहून म्हातारी होणार, या काळजीने तिला झोप लागत नसे, हे मला पुष्कळ नंतर मामाकडून कळलं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. वजनकाटा, सुऱ्या, चीज कापायची तार, सगळं पाटावर मांडलं. एका मोठ्या हॉटेलने आमच्याकडे पहिल्यांदाच माल मागवला होता, त्यामुळे मावशी भलतीच खुशीत होती. "माल म्हणजे लक्ष्मीच की!" म्हणत तिने हॉटेलसाठी काढून ठेवलेल्या प्रत्येक चाकावर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. यादगिरीने हात जोडले, मीही जोडले. चीजची साल तुपकट असते आणि रंग पिऊन घेते, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दसरा झाल्यावर पुसायला गेलो तर डाग निघेनात. पुसावं तसे पसरत गेले. चाकं रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसू लागली. "खुरच डालूँ क्या अम्मा? किसको मालूम होता?" यादगिरीने विचारलं. "नक्को," मावशी म्हणाली, "छुपाके नहीं बेचना." आणि तिने मला गाडीत बसायला सांगितलं. चाक उचलायला मदत हवी असेल, असं मला वाटलं.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात मुख्य शेफ इमरानभाईंनी चाक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ये क्या है अम्मा? लाल-पीला कायकू किए? मेहमानां को क्या बोलूँ मैं?" सगळे आचारी हातातली कामं टाकून बघायला लागले. मावशी म्हणाली, "पूजा किए थे. गलती मेरी है. लेकिन चीज का ये बोलेगी. रोज यहीच हाथ लगाती." एवढं बोलून ती गप्प बसली. झोपेतसुद्धा बडबडणारी माझी मावशी! मी तिच्याकडे पाहिलं, तर ती छताकडे बघत होती. पळून जावंसं वाटत होतं, पण ऑर्डर गेली असती आणि मावशी सगळ्यांसमोर तोंडघशी पडली असती. "साल... साल मोटी है," मी कसंबसं म्हणाले, "रंग अंदर नहीं जाता." "कैसे मालूम?" "काटके दिखाती." डाग नसलेल्या बाजूने सुरी रोवून मी चाक फोडलं. आत वाळल्या गवताच्या रंगाचं, स्वच्छ चीज. कुंकू सालीतच, नखाएवढ्या जाडीत अडकलेलं. मग मी जी बोलत सुटले, ती सुटलेच. आतले पांढरे कण म्हणजे बुरशी नव्हे, चीज मुरल्याची ती खूण. चवीसाठी साल सूपमध्ये टाकतात, तशी ही रंगलेली तुम्ही टाकू नका, आम्हीच काढून देतो... इमरानभाईंनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "साल निकालके भेजो," ते मला म्हणाले. आणि मावशीकडे वळून, "अम्मा, अगले साल फूल चढ़ाओ. हल्दी नक्को."

परतीच्या वाटेवर ती फक्त भूक लागल्याचं बोलली. तू गप्प का राहिलीस, म्हणून मी पुढे एकदा विचारलं. "मला काय कळतं त्या सालीतलं? पुसत तू होतीस," असं म्हणून तिने मला उडवून लावलं. तिला सगळं कळत होतं. त्या दिवसानंतर हॉटेलवाले, बंदरावरचे एजंट, कस्टमचे साहेब, सगळ्यांशी मीच बोलायला लागले, भांडायलाही लागले. आभार मानायला गेलं की ती खेकसायची, म्हणून ते राहूनच गेलं. आता ती खेकसायला नाही, तर म्हणून घेते... मावशी, माझी वाचा तू मला परत मिळवून दिलीस. माझ्यासाठी इतकं दुसऱ्या कुणीच केलं नाही.

गेल्या आठवड्यात नवा माल आला. बंदरावरून आमचे कंटेनर आणणारा वीरय्या हा जुना ड्रायव्हर, मला कायम दीदी म्हणणारा. गाडी लावून त्याने सवयीने विचारलं, "अम्मा किधर?" यादगिरीने मान खाली घातली. मीच म्हणाले, "अम्मा गुजर गए." वीरय्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. मग त्याने डोळे पुसले, कंटेनरची दारं उघडली, आतली थंड वाफ बाहेर आली.

"माल किधर रखूँ, अम्मा?" त्याने विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग मी त्याला जागा दाखवली.