मास्तरांचा अंगठा

"अहो, सांगा ना त्या स्कॅनवाल्या बाईंना!"

"काय सांगू? सांगण्यासारखं काही आहे का?"

"अंगठ्यात सुईचं टोक अडकलंय ते? माझ्या डोळ्यांदेखत मोडली होती सुई."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

लोक कुठले? स्कॅनच्या खोलीबाहेर एकच पेशंट होता, तोही घोरत होता. पण मास्तरांना जिथे तिथे गिऱ्हाईक दिसायचं. चाळीस वर्षं त्यांनी कोट-पँटी शिवल्या आणि माप घेता घेता प्रत्येकाला ऐकवलं, "या बोटांना सुई कधी लागली नाही." एका कारागिराच्या बोटाचं रक्त कॉलरला लागलं, तर त्याच दिवशी त्याला कायमचा घरी पाठवला. कच्चा हात म्हणे!

गेल्या सोमवारी मास्तरांच्याच हातातून कात्री निसटली आणि दहा मिनिटं जीभ जड झाली. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाली असावी, असा डॉक्टरांना संशय होता. म्हणून हा एमआरआय. म्हणजे भल्यामोठ्या चुंबकाच्या पोटात शिरायचं, पण अंगात लोखंड नसेल तरच. फॉर्मवर 'शरीरात धातू?' याच्यापुढे मास्तरांनी 'नाही' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

गाऊन घालून ते बाहेर आले ते तणतणतच.

"हे शिवलंय कुणी? पाठीला कापड कमी पडलं?"

टेक्निशियन बाईंचं लक्ष त्यांनी काढून ठेवलेल्या शर्टाकडे होतं. कॉलरमधून बाईंनी टाचण्या उपसल्या. नऊ.

"काका, अंगात काही राहिलंय का? सुई वगैरे?"

"माझ्या? तुम्ही या भागात नवीन दिसता."

"चुंबकानं तुकडा हलू शकतो, तापू शकतो. नीट आठवा."

"उजव्या अंगठ्यात," बायको म्हणाली. "थोरलीचा गणवेश शिवताना."

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं दुकानाला कुलूप ठोकलं.

"मग आधी हाताचा एक्स-रे," बाई म्हणाल्या. "धातू दिसला तर डॉक्टरांना विचारून सीटी करू, त्यात चुंबक नसतो. शिरेतून औषध सोडतात. अंगभर गरम वाटेल, तोंडाला विचित्र चव येईल. लघवी झाल्यासारखंही वाटेल, पण झालेली नसते. घाबरून हलायचं मात्र नाही."

"घाबरतंय कोण!" मास्तर म्हणाले आणि गाऊनची नाडी घट्ट आवळली.

अर्ध्या तासानं एक्स-रे पडद्यावर आला. बाईंनी पेनानं दाखवलं.

"हे एक. हे दुसरं. आणि हे तर्जनीत, तिसरं. डॉक्टर म्हणाले, सीटीच करा."

बायको पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"तीन? एक माझ्यासमोरचं. बाकीची दोन कधी? आणि अहो, त्या कारागिराला एका टोचणीपायी घालवलंत ना तुम्ही? दोन लेकरं होती त्याला."

मग कुणी हाक मारायच्या आतच, उघडी पाठ तिच्याकडे करून, मास्तर सीटीच्या खोलीकडे चालू लागले.