बोटभर, बोटभर

हीलियमकाकांना सगळी प्रयोगशाळा 'गोगलगाय' म्हणायची. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे. एकोणतीस वर्षं हा माणूस एकच काम करत आला होता. नमुना लांब दांड्याच्या टोकाला चिकटवायचा आणि बर्फाहून कितीतरी थंड अशा द्रव हीलियमच्या टाकीत बोटभर, बोटभर खाली सोडायचा. त्याला तीन तास लागायचे. मधूनच ते दांड्यावर तळहात ठेवून थांबायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

माझा स्फटिक कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, आठ महिने भट्टीत वाढवलेला, एकुलता एक. त्याच्या एकेका सपाट थरातले अणूंचे इवलेसे चुंबक कडाक्याच्या थंडीत गप्प बसतात की हलतच राहतात, एवढंच मला पाहायचं होतं. माझी डॉक्टरेट त्यावरच अडली होती. घाईने गार केला तर स्फटिक तडकतो, हे काकांनी मला दहा वेळा बजावलं होतं.

त्या दिवशी काका चहाला गेले आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मीच दांडा खाली ढकलला, चांगला वीतभर. काका परतले तेव्हा तापमानाचा आकडा धडाधड उतरत होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातावर हात ठेवून नुसतं म्हणाले, "थांब, बाळा."

संध्याकाळी पडद्यावरच्या आलेखात एका टोकदार शिखराच्या जागी दोन उमटली. स्फटिकाचे दोन तुकडे झाले होते.

मी तोंड धुऊन परत आले, तर नोंदवहीत काकांच्या अक्षरात ओळ होती: 'दांडा माझ्या हातून निसटला.' मी ती खोडली आणि खाली माझं नाव लिहिलं.

काका खवळले. "अक्कल गहाण टाकलीस का? दोन महिन्यांत मी रिटायर होतोय. माझ्या नावाचं कुणाला काय पडलंय?"

"मला पडलंय," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.

काकांनी चष्मा पुसला. मग टाकीशेजारच्या स्टुलावरून उठले आणि मला तिथे बसवलं.

"नवा स्फटिक वाढायला आठ महिने लागतील," ते म्हणाले. "तेव्हा मी नसेन. म्हणून आत्ताच शीक. धर दांडा. काढ वर, बोटभरच."