होडीवरची न घासलेली जागा

पालिशवाले समोरच्या वस्तूवरून तळहात फिरवायचे आणि मग तो हात आपल्या डोळ्यांपुढे धरायचे. वस्तू कुणाची का असेना. जीपचं बॉनेट, ट्रॅक्टरचं मडगार्ड, बसस्टँडवरची खुर्ची. हाताला पांढरी भुकटी लागली की त्यांचा चेहरा खुलायचा. हात तुमच्या नाकाशी आणून म्हणायचे, "पाहा. राख बसली. रंग गेला न्हाई, झाकला."

आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि त्याला लागूनच त्यांचं पत्र्याचं शेड होतं. उन्हानं विटलेल्या गाड्या घासूनपुसून त्यांना चमक आणून देणं हा त्यांचा धंदा. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, पण सगळं गाव पालिशवालेच म्हणायचं, त्यांची बायकोसुद्धा. तेव्हा मीही तेच म्हणतो.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला आपल्या कामापलीकडे जगात काही दिसतच नाही. एकदा आम्ही दोघं एका घरी भेटायला गेलो होतो. घरातले म्हातारे गेले होते. अंगणात सगळे खाली माना घालून बसलेले, आणि पालिशवाल्यांचा हात शेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर. मी डोळे वटारले. त्यांनी हात काढला, पण निघताना म्हाताऱ्यांच्या मुलाला बाजूला घेऊन हळूच सांगितलंच, "तेरावं झालं की घेऊन या." मुलगा बिचारा रडता रडता हो म्हणाला.

घरी तर काही विचारू नका. लोखंडी कपाट चमकवता चमकवता त्यांनी एका कोपऱ्याचा रंग पार पत्र्यापर्यंत उडवला होता. "या माणसाच्या हातून माझं तोंड तेवढं वाचलं," असं त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची. ते हसायचे नाहीत. आपल्या कामाची थट्टा त्यांना अजिबात खपत नसे.

काम झालं की नाही हे ठरवायची त्यांची एक रीत होती. गाडीवर वाकायचे आणि दात विचकायचे. वरचा पुढचा एक दात पडलेला होता. ती फट गाडीत स्पष्ट दिसली की काम झालं. मग मालकालाही वाकायला लावायचे. "दात दिसले का? मंग घेऊन जा." एकदा एका मास्तरांनी आपल्या मोटारसायकलच्या टाकीवर कुठंतरी जरा फिकं वाटतंय असं म्हटलं. पालिशवाल्यांनी त्यांच्या हातातून चावी हिसकून घेतली, दिवस मावळेपर्यंत ती टाकी घासली, आणि पुढं कित्येक वर्षं मास्तरांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

अशा माणसाकडे चार-पाच वर्षांपूर्वी, एका बाजारच्या दिवशी, धुरपताबाई आल्या.

इसापूर धरणाचं पाणी जिथं आत शिरलंय, तिथं पलीकडच्या काठावर त्यांचा तांडा. तांड्यावरच्या माणसांना अलीकडे सडकेवर यायचं तर पाण्याला लांबलचक वळसा घालायचा, नाहीतर होडीत बसायचं. धुरपताबाईंचा नवरा फायबरची होडी चालवायचा. तो वारल्यावर बाईंनी वल्हं हातात घेतलं. पन्नाशीच्या असतील, आवाज खणखणीत. पालिशवाल्यांना एका वाक्यात गप्प करू शकेल अशी मी पाहिलेली ही दुसरी बाई.

"भाऊ, होडी घासून देता का?"

"होडी?"

"घाटावर नवी पिवळी होडी आली. माझी पांढरी पडली. गळत न्हाई, काई न्हाई, पण लोक म्हणतात जुनी झाली, बुडंल. लेकरं घेऊन बाया तिकडंच बसून राहिल्या. असंच चाललं तर मला काठाला लावावी लागंल."

पालिशवाल्यांनी जन्मात होडीला हात लावला नव्हता. हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. "तुमी आणू नका, आमीच येतो," म्हणाले, जणू एरवी त्या होडी पिशवीत घालूनच आणणार होत्या.

मशीन चालवायला वीज हवी म्हणून मलाही बरोबर नेलं. घाटाजवळ एका शेतकऱ्याची मोटार मीच दुरुस्त करत असे, त्याच्या स्टार्टरच्या डब्यातून लाइन घेतली. होडी बाभळीखाली पालथी घातलेली होती. पालिशवाल्यांनी तळहात फिरवला. हात पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखा पांढरा. इतका खुललेला चेहरा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आधी साबणानं धुणं, मग पाणी लावून पॉलिश पेपर, मग रबिंग म्हणजे घासायची पेस्ट, मग मशीन, शेवटी वॅक्स. होडीच्या शेवटाकडचा वीतभर तुकडा त्यांनी आधी घासून पाहिला. खालून निळा रंग निघाला, मोराच्या मानेचा असतो तसा. धुरपताबाईंनी तोंडावर पदर धरला. "असीच हुती," म्हणाल्या. "आणली तवा असीच हुती."

"रंग कुठं जात न्हाई बाई," पालिशवाले म्हणाले आणि कामाला लागले.

एक बाजू पहिल्या दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या बाजूवर बादलीभर पाणी ओतलं आणि बाई केवढ्यानं तरी ओरडल्या, "थांबा, भाऊ!"

आम्ही दचकलो. कुणाला विंचूबिंचू चावला की काय असं मला वाटलं. बाई होडीच्या त्या बाजूकडे पाहत होत्या. "गेलं," म्हणाल्या. "पुसलं तुमी."

काय गेलं ते आम्हाला कळेना. पण उन्हात पाणी सुकायला लागलं, होडी पुन्हा पांढरी होऊ लागली, आणि त्या पांढऱ्यात हळूहळू निळी अक्षरं वर आली. धुरपता.

झालं होतं असं. होडी घेतली तेव्हा नवऱ्यानं बाळापूरला रेडियमची अक्षरं कापून आणून तिच्यावर चिकटवली होती. पुढं रेडियम निघून गेलं. पण इतकी वर्षं त्याच्याखाली ऊन पोचलं नव्हतं, म्हणून तेवढा रंग निळा राहिला आणि बाकीची होडी विटली. ओली झाली की सगळी एका रंगाची दिसे, वाळली की नाव दिसे. बाईंना वाचता येत नव्हतं. पण ते कुठं आहे आणि कसं दिसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आता घासलं तर सगळंच निळं व्हईल," पालिशवाले म्हणाले. "मंग हे दिसायचं न्हाई. नवं रेडियम लावून देतो. ह्याच्याहून चकाचक."

"ते तुमी लावलेलं व्हईल," बाई म्हणाल्या.

पालिशवाल्यांनी हातातली बादली खाली ठेवली. बाई खाली बसल्या आणि वल्ह्याच्या दांड्याशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यानं तोंडानं माझं नाव कधी घेतलं न्हाई, भाऊ. पोरांची माय म्हणायचा, न्हाईतर नुसतं 'ऐकलं का'. एवढं एकदा होडीवर लिवून आणलं. लोक हसले तर चार दिस घाटावर आला न्हाई. ह्या एका जागी लिवलंय त्यानं. ते जाणार असंल तर ऱ्हाऊ द्या तुमची पालिश. होडी काठाला लागली तर लागू द्या."

मी लाइन तपासायला गेलो, खरं तर तपासायला काहीच नव्हतं. परत आलो तेव्हा पालिशवाले तंबाखू मळत अक्षरांपुढं उकिडवे बसले होते. स्वतःशीच पुटपुटत होते, "मध्येच पांढरा डाग ठिवायचा. लोक काय म्हणतील. चाळीस वर्षं हात कधी अर्ध्यात सोडला न्हाई." मग उठले. तंबाखूचा बार भरला, पिशवीतून टेपचं बंडल काढलं आणि नावाभोवती चारी बाजूंनी चौकट लावून टाकली.

"माझा हात बदनाम करून राहिल्या तुमी, बाई," एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सगळी होडी निळीशार झाली. मधली पाटीएवढी जागा तेवढी पांढरी, आणि त्यात चार निळी अक्षरं. आता त्या अक्षरांवर रेडियम नव्हतं, म्हणजे पुढं ऊन त्यांनाही खाणार होतं. पालिशवाल्यांनी बोटाला फडकं गुंडाळलं, वॅक्सच्या डबीत बुडवलं आणि एकेक अक्षर आतल्या आत पुसून काढलं. रेघेबाहेर जाऊ न देता. एवढ्या वेळात त्यांनी एक जीप करून दिली असती.

होडी पाण्यात ढकलली तेव्हा घाटावर माणसं जमली होती. पिवळ्या होडीवाल्यानं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "पालिशवाले, हे मधलं सोडून देलं काहून?"

मी मनात म्हटलं, आता भडका. फिकं म्हटलं एवढ्यावरून या माणसानं मास्तरांशी बोलणं टाकलं होतं. पालिशवाल्यांनी एकदा बाईंकडं पाहिलं. बाई मान खाली घालून वल्हं बांधत होत्या.

"रबिंग संपली," ते म्हणाले. "अंदाज चुकला माझा."

रबिंगचे दोन भरलेले डबे माझ्या हातातल्या पिशवीत होते. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, म्हातारपण दुसरं काय. पालिशवाले उभे राहून ऐकत होते. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती.

गोष्ट बाळापुरात पोचायला वेळ लागला नाही. मास्तरांनी तर मुद्दाम शेडसमोर मोटारसायकल थांबवून विचारलं, "काय, रबिंग पुरली का?" पालिशवाले जीप घासत राहिले. मला म्हणाले, "तुमी मधी बोलू नका." मी बोललो नाही. होडीत मात्र लोक पुन्हा बसायला लागले होते, लेकुरवाळ्या बायासुद्धा. दर वर्षी दिवाळी झाली की पालिशवाले वॅक्सची डबी खिशात टाकून घाटाकडे जायचे. काम काय काढलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, मासे आणायला. मासे काही कधी आणले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीचं दुखणं होतं. शेडमध्ये आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा कोपरा उडालेलं ते कपाट दिसलं आणि माझाच हात नकळत त्याच्याकडे गेला. त्यांच्या बायकोनं पाहिलं.

या उन्हाळ्यात मोटारीच्या कामाला घाटावर गेलो. होडी काठाला ओढलेली होती, माणसं बसत होती. मी हात फिरवला. तळहात पांढरा झाला. घासणारा राहिला नव्हता, निळा रंग पुन्हा झाकायला लागला होता. अक्षरं मात्र स्वच्छ, ओली असावीत तशी. धुरपताबाईंनी फळीखालून एक डबी काढून दाखवली. ती मी हजारदा पाहिलेली होती.

"मागल्या दिवाळीला देऊन गेलते," त्या म्हणाल्या. "फडकं कसं धरायचं ते बी दावलं. दर अमुशाला फिरवते."

होडीत बसलेल्या एका नव्या सुनेनं वाकून पाहिलं. "काकू, एवढंच पांढरं काहून सोडलं हो?"

"पालिशवाल्याची रबिंग संपली हुती," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "अंदाज चुकला. व्हय ना हो, भाऊ? तुमी व्हते की."

"व्हय," मी म्हणालो. "संपली होती."

मग मी खाली वाकलो आणि शेवटच्या अक्षराच्या रुंद उभ्या रेघेपुढं तोंड नेऊन दात विचकले. होडीतली माणसं बघत राहिली. दात दिसले.