चूलबंद आमंत्रण

देवराम गोजर आता साठीला टेकलाय. शेणव्यातल्या शेतकरी घरातला माणूस, पण नाव झालं ते आचारी म्हणून. शहापूर-मुरबाड पट्ट्यात लग्न ठरलं की त्याला सांगावा जायचा. पहिली पंगत उठेपर्यंत तो स्वतः घास खात नसे.

त्याचं स्वतःचं लग्नही एकदा ठरलं होतं. वैशाखऱ्याची प्रेमा. सुपारी फुटली होती. देवराम तेव्हा बावीस-तेवीसचा. आपल्याला बायकांची नाही, पुरुषांची ओढ वाटते, हे त्याला कळून चुकलं होतं. याला काय म्हणतात ते मात्र ठाऊक नव्हतं. घरी बोलायची सोय नव्हती. शेवटी तो एकटाच एसटीनं वैशाखऱ्याला गेला. प्रेमा खळ्यावर भात पाखडत होती.

"तुमी इकडं कसे?"

"एक सांगायला आलो. बायकांकडं माझं मन जात नाय गो. तुझ्यात काय उणं नाय, पण लग्न केलं तर तुझा जन्म फुकट जाईल."

प्रेमानं सूप खाली ठेवलं. "घरात सांगितलं?"

"नाय. धीर होत नाय."

"मग नका सांगू. मीच नाय म्हणते."

तिनं मुलगा पसंत नाही म्हणून सांगितलं आणि बापाचा मार खाल्ला. पुढे तिचं दुसरीकडे लग्न झालं, संसार नीट झाला. देवराम अजून म्हणतो, "स्वतःला बोल लावून घेतला तिनं, अब्रू राहिली माझी."

शाम आला तो नंतर दहाएक वर्षांनी. मुरबाडकडचा. भांडी आणि मांडवाचं सामान टेम्पोतून पोचवायचा. एका लग्नात पातेली उतरवता उतरवता दोघांची ओळख झाली. मग शाम कामं देवरामच्या बरोबरच घेऊ लागला आणि एका पावसाळ्यात शेणव्यातल्या घरी राहायला आला, तो राहिलाच. शेजारी देवरामचा धाकटा भाऊ सुरेंद्र. कुणी विचारलं की तो सांगायचा, "दादानं गडी ठेवलाय." गावानंही तेवढ्यावर भागवलं. दोघं एकत्र लावणी करायचे, बाजाराला जायचे, भांडायचेही. बायका पाणी भरताना हसायच्या, पण तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. त्या न बोलण्यात दोघांची वीस वर्षं बरी गेली. फक्त लग्नाचं बोलावणं यायचं ते एकट्या देवरामला.

मग २०१८ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की असे संबंध हा गुन्हा नाही. घरोघरी टीव्हीवर तेच. देवरामला तो निकाल नाक्यावरच्या सलूनमध्ये कळला. दाढीला बसला होता, तर मागून कुणीतरी म्हणालं, "देवरामभाऊ, पेढे वाटा. तुमचा कायदा झाला." सगळे हसले. देवराम अर्धी दाढी तशीच ठेवून उठला नाही. पुरी करून घेतली, पैसे दिले आणि घरी आला. शामला म्हणाला, "कायदा आपल्या बाजूनं झाला, आन लोकांना आताच आपण दिसलो बघ."

खरंच तसं झालं. इतकी वर्षं ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं, आणि लोक ते घेऊ लागले. दोन-तीन घरांनी ठरलेला स्वयंपाक दुसऱ्याला दिला. त्यातच सुरेंद्रच्या मुलीची, रेश्माची, सोयरीक बघायला सुरुवात झाली. सुरेंद्र ओटीवर येऊन बसला.

"दादा, पोरीचं जमेपर्यंत शामला गावी पाठव."

"तो या घरचा आहे."

"लोक इचारतात रे. काय सांगू?"

"खरं सांग. नाय जमत तर गप रहा. पण तो गेला तर मी पण जाईन."

सुरेंद्र उठून गेला. रेश्माच्या लग्नात शहापूरचा केटरर आला. देवराम एकटा गेला, अक्षता टाकल्या आणि न जेवता परतला. घरी शामनं पिठलं-भात केला होता. दोघांनी तो खाल्ला.

चार वर्षांपूर्वी शामला न्यूमोनिया झाला. शहापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. तरुण नर्सनं विचारलं, "तुम्ही यांचे कोण? भाऊ?"

सुरेंद्र डबा घेऊन दारातच उभा होता. देवरामनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ नाय. आमी एकत्र राहतो. नवरा-बायको राहतात तसे."

नर्सनं मान डोलावली. "मग तुम्हीच थांबा. पांघरूण आणलंय ना? गार होतं इथं." ती सलाईन बघायला वळली. सुरेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या वर्षांत ज्या गोष्टीला तो भीत आला होता, ती बोलून झाली होती आणि काहीच कोसळलं नव्हतं. त्यानं डबा उघडून आधी देवरामला वाढलं.

यंदा सुरेंद्रच्या मुलाचं, आदेशचं लग्न निघालं. सुरेंद्रची बायको लहानी हळद-कुंकवाचं ताट घेऊन ओटीवर आली. आमच्याकडे घरातल्या सगळ्यांना बोलवायचं तर चूलबंद आमंत्रण म्हणतात. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही.

"भावोजी, चूलबंद हां," ती म्हणाली.

देवराम गोंधळला. "म्हंजे शामपण?"

"तो काय येगळी चूल मांडतो?" लहानीनं वाकून आत पाहिलं. "शामभाऊ, ऐकलं ना? सांच्याला हळदीला पण यायचं. आन भावोजी, पातेल्याला हात लावायचा नाय. घरचे आहात."

आत शाम कांदा चिरत होता. तो "हो" म्हणाला आणि विळी सोडून ओटीवर आला.

लग्नात दोघं शेजारी पंगतीला बसले. चुलतचुलता धाऊ त्यांना पाहून उठला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. शामचा हात ताटावर थांबला. देवराम म्हणाला, "जेव तू. त्याचं त्याच्यापाशी." तेवढ्यात सुरेंद्र व्याह्यांना घेऊन आला.

"हा माझा मोठा भाऊ. आन हा शाम."

"शाम म्हणजे?"

सुरेंद्रनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "दादाचा जोडीदार."

व्याही दोघांना हात जोडून म्हणाले, "सावकाश जेवा," आणि वाढप्याला जिलबी घेऊन यायला सांगितलं.