घरच्या विहिरीवरचा डबा

कंपनीत तुम्ही नेमकं काय करता असं कुणी विचारलं, तर हल्ली मी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ एवढंच सांगते आणि विषय बदलते. खरं म्हणजे मी दिवसभर समीकरणं सोडवते. सोडवतो कॉम्प्युटर, मी त्याची मनधरणी करते. नागापूरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचे डबे आम्ही बनवतो. बोर्ड बनवायच्या आधी त्याचं सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, हे माझं काम. केडगावहून स्कूटर दामटत यायचं, ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकायचे, आणि खुर्चीत बसल्या बसल्या स्क्रीनवर लाल अक्षरांत वाचायचं की मॅट्रिक्स सुटत नाही. पूर्वी राग यायचा. आता तोही येत नाही, नुसता शीण येतो.

सर्किटमध्ये जिथं जिथं तारा एकत्र येतात तिथं व्होल्टेज किती, हे शोधायचं असतं. प्रत्येक जागेचं एक समीकरण: जेवढा करंट आत आला तेवढा बाहेर गेला पाहिजे. अशा शेकडो समीकरणांचा मिळून एक भलामोठा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, होतो, त्यातली बहुतेक घरं शून्याची. कॉम्प्युटर त्यातून एकेक ओळ उडवत जातो. कुठली ओळ आधी धरायची यावर सगळं अवलंबून. चुकीची धरली की शून्यांच्या जागी नवे आकडे उगवायला लागतात आणि पाच मिनिटांच्या कामाला दुपार जाते.

आमच्या डब्यात तर मुळातच एक भानगड होती. डब्याच्या आत दोन बाजू. एक विजेच्या लाइनची. दुसरी माणसाचा हात लागतो ती, म्हणजे बटण आणि अँटेना. मध्ये ट्रान्सफॉर्मर, तो तारेच्या जोडाशिवाय वीज पलीकडे देतो. या दोन बाजूंत तारेचा जोड कुठंही असता कामा नये, माणसाचा जीव त्यावरच असतो. पण कॉम्प्युटरला हे पटत नाही. व्होल्टेज कायम कशाच्या तरी तुलनेत मोजतात. मध्ये जोडच नसेल, तर हाताकडच्या बाजूचे आकडे आपापसात सांगता येतात, लाइनच्या तुलनेत काही म्हणजे काही सांगता येत नाही. एक समीकरण कमी पडतं, भागायला शून्य समोर येतं, की झालं, लाल अक्षरं.

यावर मी काय करायची, तर त्या दोन बाजूंच्या मध्ये एक अवाढव्य रेझिस्टर टाकायची. फक्त कॉम्प्युटरपुरता, बोर्डाचं ड्रॉइंग काढताना तो वगळायचा. इतका मोठा, की त्यातून करंट जाऊन न गेल्यासारखाच. कमी पडणारं समीकरण मिळायचं, पण मॅट्रिक्स आजारी पडायची. एकीकडे प्रचंड आकडे, एकीकडे नखाएवढे. वजाबाकी करताना शेवटचे अंक गळायचे आणि उत्तरं थरथरायची. मग ओळी खालीवर कर, सगळे आकडे एका मापात आण, भागायला त्यातल्या त्यात मोठा आकडा निवड. हे करता करता माझं डोकं पिकलं, केसही पिकले.

आमच्या साहेबांना, म्हणजे डिझाइनच्या प्रमुखांना, हे सगळं नखरे वाटायचे. “मॅडम, तुमचं सिम्युलेशन म्हणजे बैलगाडी आहे,” असं ते चारचौघांत म्हणायचे. माणूस वाईट नाही. फक्त थरथरणारी रेघ त्यांना बघवत नाही. ग्राफ कसा, इस्त्री केल्यासारखा पाहिजे.

त्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आई धाकट्या भावाकडे असते, पाथर्डीच्या बाजूला, शेतावर. ऑपरेशनसाठी तिला केडगावला आणलं. एक डोळा झाला, मग दुसरा. औषधाचे थेंब घालण्यात माझी रजा लांबत गेली. तेवढ्यात साहेबांनी नव्या डब्याचं सिम्युलेशन स्वतः उरकलं, बोर्ड बनवून घेतले, नमुन्याचे डबेही तयार झाले.

नमुन्यांची आमच्याकडे एक रीत आहे. पहिले डबे गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत, कामगारांच्या आणि स्टाफच्या घरच्या विहिरींवर द्यायचे. घरचा माणूस सांभाळून वापरतो, बिघडलं तर बोंबाबोंब करत नाही. आणि घरचेच म्हणून त्या डब्यांची मोठ्या व्होल्टेजवरची टेस्टही, म्हणजे दोन बाजू खरंच वेगळ्या आहेत का ते बघणं, कुणी करत नाही. ती गिऱ्हाइकांच्या मालाची. मी या रीतीवर कधी विचार केला नव्हता. भाऊ आईला न्यायला आला, तेव्हा साहेबांचा फोन आला, भावाला म्हणावं जाता जाता डबा घेऊन जा. काळा चष्मा लावलेली आई त्याच्या गाडीवर मागं बसली आणि डबा मांडीवर धरून गेली.

कामावर परतल्यावर पुष्कळ दिवस मी तुंबलेलंच उपसत होते. मग एकदा साहेब म्हणाले, त्याच डब्यात दुसरा ट्रान्सफॉर्मर टाकून बघा. मी त्यांची फाइल उघडली, चालवली, आणि चहा प्यायला उठणार तोच उत्तर समोर. ना लाल अक्षरं, ना थरथर. खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत ही मॅट्रिक्स माझ्याशी एकदाही सरळ वागली नव्हती. मी परत बसले.

आकडे बघत गेले. व्होल्टेज शोधायच्या जागांत एक जागा कमी होती. जी दोन टोकं वेगळी असायला हवीत, ती कॉम्प्युटरनं एकच धरली होती. सर्किटवर आले, तर माझ्या रेझिस्टरच्या जागी साधी तार. साहेबांनी रेझिस्टर काढून दोन्ही बाजू थेट जोडून टाकल्या होत्या. मॅट्रिक्स ठणठणीत बरी झाली होती. आणि बोर्डाचं ड्रॉइंग आमच्याकडे याच फाइलवरून निघतं. मी गोदामातून एक नमुना उचलला, दोन बाजूंना मीटर लावला. मीटर वाजला, म्हणजे मध्ये जोड होता.

साहेबांच्या टेबलावर बोर्ड ठेवला आणि सांगितलं, लाइन सरळ अँटेनावर आलीय. त्यांनी मीटर स्वतः लावून पाहिला. चेहरा उतरला. तरी म्हणाले, “पण रिपोर्ट चांगले आहेत, मॅडम. मी स्वतः सगळ्यांना फोन केले होते. तुमचा भाऊ तर म्हणाला, एक नंबर चालतोय.”

मी तिथूनच भावाला फोन लावला. त्यानं उचलला तेव्हा मागं पाण्याचा आवाज येत होता.

“डब्याला हात लावू नकोस,” मी म्हटलं. “आधी खांबावरचा मेन बंद कर.”

“आत्ता? आत्ताच तर लाइट आलीया, अक्का. कांदा निम्मा भिजायचा हाय.”

“मरू दे कांदा. मेन बंद कर म्हणते ना.”

मी असं त्याच्यावर कधी ओरडले नव्हते. फोन तसाच चालू ठेवून तो गेला. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज थांबला. मग त्याचा श्वास ऐकू आला.

“केलं बंद. काय झालं?”

“डब्याचा करंट लागला होता का तुला?”

“का गं? कुणी काय सांगितलं?”

“अरे, विचारतेय मी.”

“मारतोय झणका. पहिल्या दिवसापास्नं. लई न्हाई. फळीवर हुभं ऱ्हायलं, कोरडी चप्पल घातली, की निभतंय.”

“मग फोन का नाही केलास मला?”

“आता तुज्या हातचं काम हाय. म्हणलं, जोडताना माजंच काय तरी चुकलं आसंल. तुज्या सायबाचा फोन आल्ता, त्यास्नी कसं सांगायचं? तुलाच बोलले आस्ते.” मग म्हणाला, “तू काळजी नगं करू. मी आईला न् घरात सगळ्यांस्नी सांगून ठिवलंय, डब्याला कुणी हात लावायचा न्हाई. मीच लावतो.”

मला रडू आलं आणि संतापही आला. त्याचा, साहेबांचा, त्या एक नंबरचा. मी त्याला एवढंच सांगितलं की मी येईपर्यंत मेनला हात लावू नकोस, आणि फोन ठेवला. साहेब समोर बसून होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी विचारलं, “बाकीच्या विहिरींवरून काय उत्तर आलं होतं?”

“तेच,” ते म्हणाले.

मी खाली शॉपफ्लोअरवर गेले. सोल्डरिंगला, पॅकिंगला बसलेल्या सगळ्यांना उठवलं. म्हटलं, ज्यांच्या घरी डबा गेलाय त्यांनी आत्ताच्या आत्ता फोन लावा, मेन बंद करायला सांगा. आणि डबा कसा चाललाय असं विचारू नका. हाताला काही लागतं का, असं विचारा.