झुडपामागचा साहेब

मी तिसरीतून शाळा सोडली. पण माणूस कामाला कसा लागतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. सत्तर-ऐंशीच्या सालांत चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर ट्रक भरण्यात माझी जवानी गेली.

आमचा पहिला साहेब आम्हाला जन्माचे कामचोर समजायचा. छत्री घेऊन दिवसभर डोक्यावर उभा. मग आम्हीही त्याचं म्हणणं खोटं पडू दिलं नाही. त्यानं पाहिलं की टोपलं उचलायचं, मान वळवली की खाली. बिचाऱ्याला पाणी प्यायलाही जाता येईना. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की तो सुट्ट्या बंद करायचा, आणि मग दरसाली आमच्यापैकी कोणाचा ना कोणाचा आजा मरायचा. माझाच दोनदा मेला.

त्याच्या जागी नवा साहेब आला, तेव्हा आमच्या गावची मंडई तोंडावर होती. दुपारच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाटकात, ढोलकी माझी. मी पोचलो नाही तर चुलतभाऊ वाजवणार, आणि एकदा त्याचा हात बसला की ढोलकी गेलीच समजा. मंडईच्या सकाळी मी सरळ साहेबापुढे उभा राहिलो.

"साहेब, मले मंडईले जायचं आहे. आजा नाही मेला, आधीच सांगतो."

तो हसला. "ट्रक भरला की जा सगळे. मी घरी जेवायला चाललो."

आणि खरंच गेला!

आमची टोपली जागच्या जागी थांबली. "लपून पाहून राहिला असन," आमच्यातला वयानं मोठा गडी म्हणाला. "एवढा भोळा साहेब असते काय?"

झालं. काम सोडून आम्ही साहेबाला हुडकत सुटलो. पळसाची झुडपं पाहिली, मालाच्या ढिगामागं पाहिलं, एकानं तर ट्रकखाली वाकून पाहिलं. शेवटी एक गडी साहेबाच्या क्वार्टरपर्यंत जाऊन आला.

"अबे, खरंच जेवून राहिला! वांग्याची भाजी आहे."

ऊन डोक्यावर आलं होतं, ट्रक अर्धा रिकामा. मला माझाच राग आला.

"उचला बे! त्यानं आपल्यावर भरोसा ठेवला, अन् आपण त्याले चोरावानी हुडकून राहिलो!"

तसा ट्रक आम्ही छत्रीखाली कधी भरला नव्हता. डायवरनं मला गावच्या फाट्यावर सोडलं, तिथून धावत गेलो. चुलतभावानं ढोलकी गळ्यात अडकवलीच होती.

"दादा, तोंड तं धू! काळा भूत दिसून राहिला."

"आधी ढोलकी काढ," मी म्हटलं.

तोंड मी दंडार संपल्यावर धुतलं.