दाताभोवतीचे धागे

माझा धाकटा भाऊ चांदवडजवळ कांदा करतो. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. घर कांद्यावर चालतं, पण माणूस जगतो तो क्लॅरिनेटवर. त्या वाद्याचं तोंड वरच्या पुढच्या दातांना टेकवून धरावं लागतं, हे मात्र मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी तो नेहमीप्रमाणे नाशिक रोडला माझ्याकडे कांद्याची गोणी घेऊन आला होता. पिकअपचा मागचा फाळका उघडताना खटका निसटला आणि फाळका सरळ तोंडावर आदळला. पुढचा एक दात मुळासकट बाहेर!

मी धावत खाली गेले. बघते तर काय, हा पठ्ठ्या रक्त गळत असताना दात हातात धरून अंगठ्याच्या नखाने त्याचं मूळ खरवडतोय. कांदा हातात आला की मुळ्या खुडायच्या, सुटलेलं साल काढायचं, ही जन्माची सवय. दाताच्या मुळावर ओलं, लालसर कातडं होतं, ते त्याला घाण वाटलं.

"मेल्या, कांदा आहे का तो?" मी ओरडले आणि ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. "मुळाला हात लावू नका! पांढऱ्या बाजूने धरा, दुधात टाका आणि लगेच निघा." दुधात? मला वाटलं बाई चेष्टा करतायत. पण पिशवी फोडली, दूध वाटीत ओतलं, दात त्यात टाकला. रिक्षात भाऊ तोंडाला फडकं धरून एवढंच म्हणाला, "आक्का, ह्यो दात नसला तर मी वाजवनार कसा?"

दवाखान्यात बाईंनी दात दिव्याखाली धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. मुळाची एक बाजू उघडी, पिवळट. दुसऱ्या बाजूला गुलाबी, बारीक लव.

"हे धागे आहेत," त्या म्हणाल्या. "दात हाडात ठोकलेला नसतो. दोघांच्या मध्ये कागदाएवढी फट असते, तिच्यात हे धागे विणलेले असतात. त्यांच्यावर दात तोललेला असतो."

"सुंभाच्या बाजेसारखा?"

"तसाच. भातातला खडा लागला की चटकन कळतो ना? तेही या धाग्यांमुळेच."

अगं बाई! मी पन्नाशी ओलांडलेली बाई. दातांनी ऊस सोलले, सुपाऱ्या फोडल्या, दोऱ्या तोडल्या. आणि हे सगळं त्या लवेच्या जोरावर? मी भिंग सोडेचना. देवळात गाभाऱ्यापुढे उभं राहिल्यावर होतं, तसं मला त्या खुर्चीशेजारी झालं. शेवटी बाईंनीच दात माझ्या नजरेसमोरून उचलला.

त्यांनी तो जागेवर बसवला आणि तारेने शेजारच्या दातांना बांधला. "खरवडलं नाही तिथले धागे जिवंत असतील तर पुन्हा धरतील. खरवडलंय तिथे हाडच दाताला चिकटेल, आणि तिकडून तो हळूहळू झिजेल."

भावाने हवेत बोटं नाचवून क्लॅरिनेटचं विचारलं.

"तूर्तास नाव काढायचं नाही."

लग्नसराई गेली. बँड दुसरा वाजवणारा घेऊन फिरला. हा घरी बसून राहायचा. फोनवर "बरा हे" याच्यापुढे शब्द नाही. मला तर त्याचा रागच यायचा, आणि मग फोन ठेवल्यावर वाईट वाटायचं.

तार निघाली, मुळाचे उपचार झाले. काही महिन्यांनी बाईंनी दातावर बारीक ठोकून कान देऊन ऐकलं. मग बोटाने दाबून पाहिलं आणि हसल्या. "किंचित हलतोय."

"अहो, मग हसताय काय!"

"धाग्यांवरचा दात एवढा हलतोच, ताई; सगळा हाडाला चिकटला असता तर हललाच नसता. तुमचाही हलतो. धाग्यांनी धरलंय त्याला. सगळीकडून नाही, पण धरलंय. किती वर्षं टिकेल, ते मी सांगू शकत नाही. वाजवा आता."

माझ्याच घरी त्याने क्लॅरिनेट जोडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, मला बघवेना. एक लांब सूर आला आणि मध्येच तुटला. मी धावत बाहेर. "काय झालं? दुखलं का रे?"

तो तोंडावर हात ठेवून बसला होता. डोळे भरलेले.

"नाय आक्का. सूर धरला की दाताला बारीक कंप जानवतो, पैल्यापासून. कुनाला कधी सांगितलं नव्हतं. आपल्याला वाटलं, त्यो कंप गेला." त्याने जिभेने दात चाचपला. "डावीकडनं, खरवडलं तिथनं, कमी हे. पन हे."

किती वर्षं टिकेल, हे त्याने मला विचारलं नाही. पुन्हा त्याच दातावर वाद्य टेकवलं आणि डोळे मिटले. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले, चांगली मोठ्याने.